साहेबांची पहिली चाल

"साहेब, कॅमेऱ्याकडे बघा!" मानाची पहिली चाल म्हणून प्रमुख पाहुणे असलेल्या साहेबांनी ऋजुताच्या घोड्यासमोरचं प्यादं दोन घरं ढकललं. इतकी भिकार चाल शिकाऊसुद्धा खेळत नाही. टाळ्या मात्र कडाडल्या.

आंतरराष्ट्रीय साखळी स्पर्धेची शेवटची फेरी होती. हा डाव जिंकला की बुद्धिबळाचा चषक तिचा. पाहुण्याची चाल मागे घेऊन खेळाडूने आपली खेळायची, ही रीत जगभर आहे. तिने हात पुढे केला, तसे आयोजक तिच्या कानाशी फिसकारले, "अगं ए, साहेबांचा अपमान करतेस? राहू दे!" पंच छताकडे बघत बसले. समोरचा हंगेरियन गालात हसला.

तिने प्यादं राहू दिलं. त्याच भगदाडातून तिच्यावर मात झाली.

बाहेर आयोजक चहा फुंकत म्हणाले, "साहेब तर फोटो काढून लगेच गेले गं. मग बदलायचीस ना चाल!"