अकरा तासांचं अंतर

"अकरा तास," बारक्याने सकाळी छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि आता संध्याकाळचे पाच वाजत आले होते.

बारक्याची साठी उलटली होती, पण थोरल्या भावाच्या तोंडी तो बारक्याच. दादाने उभा जन्म बसस्थानकावर माइकसमोर बसून गाड्या पुकारण्यात घालवला. आता डॉक्टरांनी हात टेकले होते. "परदेशातल्या मुलाला बोलावून घ्या," एवढंच म्हणाले होते. मुलगा विमानात बसल्याचं सकाळी सहाला कळलं, तसं बारक्याने मोबाइलवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. अंतर आलं, वेळही आली. मग दादाच्या कानाशी वाकून तो म्हणाला, "पाचच्या ठोक्याला पोरगा दारात!"

तेव्हापासून दादाची नजर भिंतीवरच्या घड्याळावरून हलली नव्हती. चमचाभर पाणी घेतलं तेही घड्याळाकडे बघतच.

साडेचारला पुतण्याचा फोन आला. बारक्या गॅलरीत गेला.

"काका, आत्ता कुठे मधल्या विमानतळावर उतरलोय. अजून दोन विमानं बदलायचीत. उद्या दुपार होईल."

"उद्या? अरे, अकरा तास दाखवतंय की इथे!"

"ते सरळ आलं तर, काका. सरळ येणारं विमानच नाही."

"मग नसलेल्या विमानाची वेळ सांगतात कशाला?"

"बाबांना सांगा..." पुतण्या एवढंच म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बारक्याने मोबाइलवर पुन्हा पाहिलं. तेच अंतर, तेच अकरा तास. उद्या दुपार म्हणजे इथली की तिथली, हेही विचारायचं राहून गेलं. डोक्याचा पार भुगा झाला. पाच वाजले आणि दार वाजलं नाही, तर दादा धीर सोडेल. आणि ते आपल्यामुळे होईल.

तो आत आला. वहिनी उशाशी बसल्या बसल्या पेंगत होती. दादाचाही डोळा लागल्यासारखा दिसला. बारक्याने आवाज न करता स्टूल सरकवलं, वर चढला आणि घड्याळाचे काटे मागे फिरवू लागला. दुपारचे दोन करावेत? की बारा? आणि बाहेर अंधार पडल्यावर काय करायचं?

"बारक्या."

दादाचे डोळे टक्क उघडे होते.

"काटे जागेवर लाव."

"दादा, ते मी..."

"घड्याळाला हात लावायचा नसतो." दादा थांबला, श्वास गोळा केला. "गाडी लेट आहे, एवढं पुकारायचं. लोक थांबतात."

बारक्या स्टुलावर तसाच उभा राहिला. काटे फिरवून त्याने पुन्हा जागेवर आणले.

"पुकार ना," दादा म्हणाला.