चौदावं घर

मावशींनी सतरा लाखांचं घर घेतलं, तर दलालाला चौतीस हजार सुटणार होते. दोन टक्के, हिशेबाला मोबाईल काढायचीही गरज नाही. म्हणून तो दारात उभा राहून गोड हसत होता, आणि मावशी न्हाणीघरात उकिडव्या बसून फरशीवर मगभर पाणी ओतत होत्या.

पाणी जाळीकडे जायचं सोडून उंबऱ्याकडे आलं.

"नको," मावशी म्हणाल्या. "इथे राहणाऱ्याचा जन्म पाणी लोटण्यात जायचा."

हे चौथं घर.

मावशी बावीस वर्षं लोकांकडे केर-फरशी करत होत्या. लेकीला घेऊन आठ वेळा भाड्याच्या खोल्या बदलल्या होत्या. या वेळी मात्र कंबर कसून आल्या होत्या. साठवलेली रक्कम तयार होती, कर्जाचं मंजुरीपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. पत्राची मुदत सहा महिने. "तुमची दलाली तेवढी जुळायचीय," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "घर सापडेपर्यंत जुळवते." दलालाने मान डोलावली खरी, पण दलाली हातात पडल्याशिवाय हा माणूस किल्ली सोडत नाही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. मावशींनाही.

इतर गिऱ्हाइकं घरात शिरली की खिडकीकडे धावत. मावशी ओट्याखाली वाकत. कपाट उघडून आत नाक घालत. बोटाच्या पेराने फरशी वाजवत. "ही पोकळ आहे. वर्षभरात उखडेल." एका मालकाने घराच्या एका भिंतीवर नुकताच रंगाचा हात फिरवला होता. मावशींनी त्याला विचारलं, "चार भिंतींतल्या एकीलाच नवा रंग? तिचं काय लग्न होतं?"

मालकाला खोकला आला.

दलालाला आधी वैताग यायचा. पेट्रोल त्याचं, वेळ त्याचा. पण ते रंगवलेल्या भिंतीचं घर दुसऱ्या दिवशी एका मास्तरांना दाखवताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "सर, खरं सांगतो, या भिंतीत ओल आहे. तेवढं किमतीत कापून घ्या."

मास्तर थक्क झाले. दलाल, आणि खरं सांगतो! त्यांनी किंमत पाडून घर घेतलं आणि शाळाभर त्याचा डंका पिटला.

मग दलालाला गोडी लागली. मावशींनी नाक मुरडलेलं घर तो पुढच्याला दोषांसकट दाखवू लागला. शब्द मावशींचेच, फक्त मावशींचं नाव वगळून. मावशींनी नापसंत केलेल्या तेरापैकी अकरा घरं त्याने अशी विकली. लोक त्याला शोधत यायला लागले. मावशींच्या कानावर हे घालावं, असं त्याला एकदोनदा वाटलं. मग वाटलं, कशाला उगाच?

"दलालीचं जुळतंय ना, मावशी?" तो मधूनमधून विचारी.

"जुळतंय की. तुमच्या डोळ्यांदेखत."

चौदावं घर बघितलं, तेव्हा पत्राचे आठ दिवस उरले होते. पाणी सरळ जाळीत गेलं. फरशी भरीव वाजली. कपाटात नुसत्या लाकडाचा वास. मावशी उठल्या, पदराला हात पुसले आणि पहिल्यांदाच खिडकीतून बाहेर बघितलं. बराच वेळ.

"हेच," म्हणाल्या.

सहाव्या दिवशी सतरा लाखांत कागद झाले. मालकाला त्याचे पैसे पोचले आणि तो दलालाच्या टेबलावर किल्ली ठेवून गेला. दलालाने किल्लीवर हात ठेवला.

"मावशी, तेवढं आपलं..."

"आणलंय ना." मावशींनी पाचशेच्या दोन नोटा ठेवल्या, आणि वर लेकीच्या वहीतलं एक पान. पानावर अकरा ओळी होत्या. घर कुठलं, दोष काय, घेतलं कोणी. प्रत्येक ओळीपुढे तीन हजार.

"हे काय?"

"घर तपासायचा दर. इंजिनिअर सहा घेतो, विचारून आले. मी निम्माच लावलाय. तुम्ही काय, घरचेच."

दलालाचा चेहरा उतरला. "तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

"या अकरातल्या सात घरांत मी फरशी पुसते, दादा. बाकीच्या चारांचं त्या सात घरच्या बायकांनी सांगितलं. मास्तरीणबाईंचं तर रोजचंच, दलाल म्हणजे देवमाणूस, भिंतीतली ओलसुद्धा लपवली नाही. मी म्हणते, हो हो, फार बारीक नजर हो त्याची."

दलालाने पान दोनदा वाचलं. बेरीज तीनदा केली. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं. न विकलेल्या दोन घरांचे पैसे मावशींनी लावलेच नव्हते. तपासायला मेहनत तेवढीच पडली होती, तरी. त्याने मान वर केली. उभ्या जन्मात त्याने शेकडो गिऱ्हाइकं घोळवली होती. समोर बसलेल्या या बाईने मात्र त्याच्याच गाडीवर मागे बसून, त्याच्याच पेट्रोलवर, त्याच्याच समोर त्याला द्यायची दलाली उभी केली होती. तो हसायला लागला. हसता हसता त्याचा हात किल्लीवरून कधी उठला, त्यालाही कळलं नाही.

"राहू द्या हो मावशी हे हजार," त्याने नोटा मागे सरकवल्या.

"का म्हणून?" मावशींनी त्या परत पुढे केल्या. "घ्या. आणि पावती पुरी चौतीसची करा. दलाली बुडवून घर घेतलं, असं उद्या कोणी म्हणायला नको."

त्याने पावती फाडून दिली: दलाली चौतीस हजार, पूर्ण मिळाली, तक्रार नाही. त्यातले एक हजार मावशींनी भरले होते आणि तेहतीस हजार दलालाने.