चौथा कप्पा

“कॉम्प्युटरच्या डिस्कवर चार कप्पे असले की ती नव्या पद्धतीत बदलता येत नाही. एक उडवावा लागेल,” दुरुस्तीवाला म्हणाला.

“चार कुठले? तीनच आहेत,” ज्यांनी त्याला बोलावलं होतं त्या बाईंचा नवरा गुरगुरला.

“एक लपवलेला आहे.” नको ती हुशारी दाखवत त्याने तो उघडला. तारीखवार फोटो होते: बाईंचा काळानिळा डोळा, गळ्यावर बोटांचे वळ. बाई दारातच उभ्या होत्या, हात प्लास्टरमध्ये.

नवऱ्याने दुरुस्तीवाल्याची मानगूट धरून तोंड टेबलावर आपटलं. “उडव.”

तुटलेला दात थुंकून त्याने कप्पा उडवला. पिशवी उचलताना त्याला बाईंचा सकाळचा फोन आठवला. “कामाला हात लावण्याआधी सगळ्या डिस्कची कॉपी काढून घेता ना?” असं त्यांनी दोनदा विचारलं होतं.

कॉपी पिशवीतच होती.