निरोपाची शाल

शेवडे साहेबांनी शाल उलगडली, तसा मी हात आडवा धरला.

"मॅडम, फोटो तरी काढू द्या. स्वखुशीने राजीनामा दिलात, निरोप नको का घ्यायला?"

स्वखुशीने. बाळंतपणाच्या रजेवरून परतले, तर माझं टेबल जिन्याखाली, संडासाच्या दाराशी मांडलेलं. कॉम्प्युटर काढून घेतलेला. काम मागितलं की हेच साहेब म्हणायचे, "बसा निवांत." माझ्याशी कुणी बोललं की त्याला केबिनमध्ये बोलावणं यायचं. शेवटी मीच राजीनामा लिहून दिला.

मी शाल त्यांच्याच खांद्यावर टाकली आणि जिन्याखाली माझ्या खुर्चीत जाऊन बसले.

"आता काढा फोटो. कामगार न्यायालयात दाखवायला लागेल. वास काही फोटोत येणार नाही, निदान दार तरी नीट दिसू दे."