नळीतला डोळा

टीव्हीवरच्या खेळातल्या त्या जुन्या बंदुकीतून काही सुटत नाही. तिच्या नळीत एक काचेचा डोळा असतो. त्याला उजेड दिसला की पडद्यावरचा पक्षी पडतो. दुरुस्तीला घेतलेल्या कारागिराने तो डोळा दोनदा बदलला, तरी पडदा, दिवा, खिडकी, कशावरही बंदूक धरली तरी पक्षी पडेना.

डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवलेली त्याची बायको पलंगावरून म्हणाली, “अहो, माझ्यावर धरा की. मी कुठे पळून जातेय?”

त्याने धरली. पक्षी पडला. दोघं पोट धरून हसले.

मग तो रोजच धरून बघू लागला. सोमवारी दारातून नेम लागला. गुरुवारी पलंगापाशी जावं लागलं.

आज त्याने नळी तिच्या खांद्याला टेकवून चाप ओढला. पक्षी उडतच राहिला.

“लागला ना?” केस विंचरता विंचरता तिने विचारलं.

“हो,” तो म्हणाला, आणि त्याने चाप पुन्हा ओढला.