पट्टेरी नाडा

शहराच्या कचऱ्यापासून वीज करणाऱ्या कारखान्यात मी क्रेन चालवतो. आज शेवटची चाचणी होती; तीत भट्टी विझली तर कारखान्याला टाळं, आम्ही सगळे घरी. अन् लोक? सुक्या कचऱ्यात बिनधास्त ओलं घालतात! आमच्या गल्लीत कुणाची असली पिशवी दिसली, की मी ती गुपचूप त्याच्याच दाराला टांगून येतो. इकडे ओल्या कचऱ्यानं भट्टी धुमसायला लागली. तेवढ्यात क्रेनच्या पंजाला कलिंगडाच्या सालींनी भरलेली पिशवी लटकली. तोंडाला माझ्याच पायजम्याचा पट्टेरी नाडा! डोकं फिरलं. बायकोला फोन लावला, "अगं, ओलं सुक्यात टाकतेस? भट्टी विझतेय इथं!" "मी दोन डबे वेगळेच ठेवते. सकाळी घाईत दोन्ही एकाच पिशवीत कोंबून नाडा कोण आवळतं?" समोर भट्टी फुस्स झाली. "अहो, पिशवी घरी आणा," ती म्हणाली, "आपल्या दाराला खिळा ठोकून ठेवते."