वाट पाठ

चोपड्याचं घर बंद करून जितेंद्र माय लताबाईला आणि तिच्या लाडक्या चिंगीला एसटीने धुळ्याच्या नव्या घरी घेऊन आला. मांजर वाट पाठ करतं अन् माघारी पळतं, म्हणून चिंगीला पोत्यात घालूनच आणलं. मग आठ दिवस दारं-खिडक्या बंद. चिंगीने घर डोक्यावर घेतलं, पण हा हटला नाही. नवव्या दिवशी सकाळी त्याने दार उघडलं. चिंगी उंबऱ्यापर्यंत गेली, वळली आणि सोफ्यावर येऊन पसरली. जितेंद्र जिंकला होता!

हे सांगायला मायच नव्हती. कळण्याच्या भाकरीसाठी दळण आणते म्हणून गेली, ती आलीच नाही.

दुपारी तिचा फोन आला. "चोपडाले शे मी. चिंगीले पोतामा घालीसन आनं रे भाऊ, पन माले ते एसटीमा खिडकीजोडे बसाडं ना!"